आईच्या शाळेची गोडी आणि लेकीची एल.सी.

वाचकाचं पत्र:

सलाम. मी बडोद्यात राहते, वय ३६. वडील चर्चचे पाळक होते. त्यांच्या बदल्या नंदुरबार, नवापूर आणि मग बडोदा अशा होत गेल्या. कुठे मराठी माध्यम, कुठे गुजराती, त्यामुळे आईनं मला आणि भावाला वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं. एका अमेरिकन मिशनरी कुटुंबानं मायदेशी परतताना दिलेल्या वर्कबुकांवर, आपापल्या चालीनं, आमची शाळा चालायची. सकाळी 'उपासना संगीत' या ख्रिस्ती गीतसंग्रहातलं एक गीत, मग बायबलमधलं वचन, मग गणित, भाषा. बारापर्यंत सगळं आटोपायचं. रात्री बाबा मोठ्यानं वाचून दाखवायचे. दहावी आम्ही दोघांनी मुक्त विद्यालयातून केली आणि पुढे कॉलेजात काही अडलं नाही. ते दिवस आठवले की अजून मन भरून येतं.

माझी लेक साडेसहा वर्षांची आहे, पहिलीत, इंग्रजी माध्यमात. दिवाळीपासून रोज सकाळी रडते. तिला घरी शिकवावं असं फार वाटतं. नवरा म्हणतो, "तुला जमत असेल तर माझी हरकत नाही." सासूबाई म्हणतात, "बडोद्यात राहून पोर शाळेत जात नाही, हे मी कुणाला सांगू?" मी दुपारी दोन ते सहा घरूनच एका फर्मचे हिशेब आणि जीएसटीचं काम करते. आई आता ६७ वर्षांची आहे आणि आमच्याजवळच राहते. तिनं आमची वर्कबुकं जपून ठेवली आहेत, तीच वापरावीत का? की मी नुसती माझ्या लहानपणाच्या आठवणीत रमले आहे?

उत्तर:

प्रिय ताई, सलाम.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, लेक सकाळी रडते. दुसरी, तुम्हाला आईची शाळा आठवते. पहिलीचा उपाय दुसरीत असेलच असं नाही, म्हणून आधी रडण्याचं बघू.

दोन आठवडे एक वही ठेवा. रोज पाच गोष्टी लिहा: रात्री किती वाजता झोपली, डबा किती परत आला, पाण्याची बाटली किती भरलेली परत आली, त्या दिवशी कुठले तास होते, शेजारी कोण बसलं होतं. पहिलीतली बरीच मुलं शाळेतल्या स्वच्छतागृहात जायला घाबरतात. मग ती पाणीच पीत नाहीत, दुपारपर्यंत पोट दुखतं आणि दुसऱ्या दिवशी जायची वेळ झाली की रडू येतं. बाटली भरलेली परत येत असेल तर आधी तिथेच शोधा. फक्त ठरावीक वारी रडत असेल तर त्या वारचे तास आणि त्या वारच्या बाई पाहा. फळ्यावरचं उतरवून घेताना शब्द गाळत असेल तर डोळे तपासून घ्या, कानही. बसमध्ये कोण त्रास देतं, हे थेट विचारलं तर मूल सांगत नाही. "बसमध्ये तुझी आवडती जागा कुठली? तिथे का नाही बसत?" असं विचारलं तर सांगतं. वही घेऊन वर्गशिक्षिकेला वेळ ठरवून भेटा, फाटकावर उभ्याउभ्या नको. आणि मारणं किंवा चारचौघांत अपमान करणं असं काही निघालं, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं ते सरळ बंद केलेलं आहे. त्याची तक्रार लेखी द्या.

यातलं काही सापडलं आणि दुरुस्त झालं, तर कदाचित रडणं थांबेल. त्यानंतरही घरी शिकवावंसं वाटत असेल, तर ती इच्छा खरी माना. आमचं स्पष्ट मत सांगतो: हे शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत एल.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) काढू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच आठवडे घरच्या शाळेचा खरा प्रयोग करा आणि मगच ठरवा. तोवर करण्यासारखं बरंच आहे.

तुमची आठवण खोटी नाही. पण ती टेबलाच्या एकाच बाजूची आहे. गीत कसं सुरू व्हायचं हे तुम्हाला आठवतं. कणीक कधी मळून झाली होती, उद्याची पानं कोण वाचून ठेवायचं, भावाचा भागाकार अडला तेव्हा तुमचा धडा कोण पाहत होतं, हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण ते मुलांना दिसूच नये असं आईनं सांभाळलं होतं. तुम्ही आता टेबलाच्या त्या दुसऱ्या बाजूला बसायला निघाला आहात. तेव्हा तिथला हिशेब आईकडूनच घ्या. आई जवळ आहे, तिला सगळं आठवतंय, आणि वर्कबुकंही हाताशी आहेत. घरी शिकवू पाहणाऱ्या फार थोड्या पालकांना असा आधार असतो.

विचारताना "तू आम्हाला कसं शिकवायचीस?" असं विचारू नका. उत्तर येईल, "शिकवायचे आपलं." एक जुनं वर्कबुक तिच्या हातात द्या आणि पानावर बोट ठेवून विचारा: हे पान भावानं तीनदा का खोडलं? या दोन महिन्यांत तारखाच नाहीत, तेव्हा काय झालं होतं? मग ती बोलेल. फोनवर रेकॉर्डिंग लावा, एका वेळी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त नको, आणि त्याच दिवशी फाइलला तारीख आणि विषयाचं नाव द्या. एवढं मात्र नक्की विचारून घ्या: ती किती वाजता उठायची, शिकवणं सोडून तयारीला आणि तपासायला रोज किती वेळ जायचा, आजारी पडली की शाळेचं काय व्हायचं, कुठल्या विषयात स्वतःला कमी समजायची, दहावीच्या फॉर्मच्या वेळी कशाची भीती वाटली, आणि आज पुन्हा करायचं झालं तर काय गाळेल. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा.

अंदाज हवा म्हणून सांगतो. साडेसहा वर्षांच्या एका मुलाला टेबलाशी दीड तास पुरतो, दोन तास म्हणजे हद्द. पण शिकवणाऱ्याचे रोजचे किमान पाऊण तास तयारीला आणि शनिवारी संध्याकाळी आठवड्याच्या आखणीला एक तास वेगळा जातो. आठव्या-नवव्या वर्षी टेबलाचा वेळ तीन तासांवर पोचतो. तुमचं काम दुपारी दोनपासून आहे, त्यामुळे सकाळ मोकळी दिसते. पण जीएसटीच्या ११ आणि २० तारखा तुम्हाला आमच्यापेक्षा चांगल्या ठाऊक आहेत. त्यांच्या आदल्या दिवशी काम सकाळीच सुरू होणार, फोन वाजत राहणार. ते दोन-दोन दिवस आधीच हलके धरा: फक्त वाचन आणि वचन. असं आधी ठरवलं नाही, तर दर महिन्याला तेच चार दिवस "आज शाळा बुडाली" म्हणून मनाला लागतात, आणि घरची शाळा बहुधा अशा टोचणीनंच बंद पडते.

आता त्या गोडीत नेमकं काय होतं ते पाहू. पत्रात चार गोष्टी आहेत: गीत-वचनानं सुरू होणारी सकाळ, आपल्या चालीनं शिकणं, बारापर्यंत मोकळं होणं, आणि रात्री बाबांचं वाचन. पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीला एल.सी. लागत नाही. त्या याच सोमवारपासून सुरू करता येतात.

बस येण्याआधी बारा मिनिटं काढा. एक गीत, दोनच कडवी, आणि आठवडाभर तेच. मग वचन. पाठांतरासाठी घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत एक पेटी फार वर्षं चालत आली आहे, ती करून पाहा. तीन बाय पाच इंचाची कार्डं मावतील अशी पेटी आणि तिच्यात ४१ दुभाजक: एक "रोज", दोन "सम" आणि "विषम", सात वारांचे, एकतीस तारखांचे. नवं वचन "रोज"मध्ये राहतं. न अडखळता आलं की ते सम किंवा विषम तारखेकडे जातं, तिथे पक्कं झालं की एखाद्या वाराकडे, आणि मग महिन्यातल्या एका तारखेकडे. दर सकाळी चारच ठिकाणची कार्डं निघतात: रोजचं, सम-विषमचं, त्या वारचं, त्या तारखेचं. पाच मिनिटांत होतं आणि जुनं विसरलं जात नाही. सुरुवातीला स्तोत्र १, २३, १०० आणि १२१ घ्या. चारही मिळून २५ वचनं होतात, आठवड्याला एक धरलं तर २५ आठवडे. तुमच्या आईचं पवित्र शास्त्र जुन्या भाषेतलं असेल आणि तुमचं नवं, तर दोन्हींतून एकच निवडा आणि तेच सगळ्या कार्डांवर लिहा. दोन भाषांतरं मिसळली की मूल ओळीच्या मध्येच अडकतं आणि चूक आपली आहे असं समजतं.

यात एक गोष्ट कधीही करू नका. शिक्षा म्हणून वचन वीस वेळा लिहायला लावू नका आणि वचनाला गुण देऊ नका. तुमच्या मनात ती सकाळ इतकी गोड राहिली, कारण आईनं तिला परीक्षा केलं नाही. जिथे वचनाची छडी झाली तिथली मुलं मोठेपणी त्या सकाळींबद्दल बोलायलाही तयार नसतात.

रात्रीचं वाचन नवऱ्याकडे द्या. वीस मिनिटं, मराठीतून, अंथरुणावर. तो "हरकत नाही" म्हणतो, पण हरकत नसणं म्हणजे सोबत असणं नव्हे. उद्या घरी शिकवायचं ठरलं तर एक विषय पूर्णपणे त्याचा हवा, बहुतेक गणित किंवा विज्ञान, आठवड्यातून चार संध्याकाळी, ठरलेल्या वेळी. एकट्या आईवर चाललेली घरची शाळा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दमते, आणि दमलेल्या आईजवळ रोज बसून शिकणं मुलालाही जड होतं.

कायद्याचंही नीट समजून घ्या, कारण आईच्या वेळी आणि आता यात फरक पडला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम १० प्रमाणे पालकाचं कर्तव्य आहे. न घातल्यास पालकाला दंड अशी तरतूद कायद्यात नाही. घरी शिकवण्याबद्दल कायद्यात वेगळं काही लिहिलेलं नाही, ना परवानगी ना मनाई. म्हणजे भारतात घरी शिकवणारी कुटुंबं उघडपणे राहतात, पण त्यांच्या हातात दाखवायला परवानगीचा कागद नसतो. शाळेतून नाव निघालं की शाळाबाह्य मुलांच्या पाहणीत तुमचं घर येऊ शकतं. कुणी विचारायला आलं तर वाद घालू नका. जन्मदाखला, एल.सी., रोजच्या कामाची वही आणि मुलीनं केलेल्या कामाचे नमुने दाखवा. एकीकडे मात्र जाऊ नका: शेजारच्या चार मुलांना रोज सकाळी घेऊन बसणं. मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास कलम १८ प्रमाणे एक लाखापर्यंत दंड आहे आणि तरीही चालू ठेवल्यास दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. संध्याकाळचा खेळ किंवा आठवड्यातून एकदा चित्रकला ही वेगळी गोष्ट. शाळेच्या वेळात शाळेसारखं भरवणं टाळा.

परत शाळेत जायची वाट बंद होत नाही. कलम ४ प्रमाणे शाळेत न गेलेल्या मुलालाही वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायला हवा. पण वर्ग वयानुसार मिळाला तरी तिथला अभ्यास आलेला असतोच असं नाही, आणि इथेच बडोद्याची एक खास अडचण आहे. गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी गुजराती विषय सगळ्या शाळांना सक्तीचा झाला आहे. लेक तीन वर्षं घरी मराठी-इंग्रजीवर राहिली आणि पाचवीत परत गेली, तर वर्गातली मुलं गुजराती उतारे वाचत असतील आणि ही अक्षरं ओळखत बसेल. तेव्हा घरी शिकवायचं तर गुजराती पहिल्या वर्षापासून धरा. देवनागरी पक्की झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी गुजराती लिपी सुरू करावी. ग, त, न, प, म, र, व ही अक्षरं डोक्यावरची रेघ काढली की बरीचशी ओळखीची वाटतात, त्यांच्यापासून शब्द बनवून द्या. क, ख, ज, झ, फ, ब आणि अ यांचं वळण वेगळं आहे, ती एकेक करून, आठवड्याला दोन. दोन्ही लिपी एकाच वहीत नकोत. पहिले काही महिने वार वेगळे ठेवले तर गोंधळ कमी होतो.

दहावीची वाट तुमच्या घराला माहीत आहे, तरी आजची स्थिती थोडक्यात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं, पाच विषय, त्यात किमान एक भाषा, मराठीही घेता येते. पास व्हायला ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे दोन विषय आता आणि तीन पुढच्या वेळी असंही करता येतं. घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला २० टक्के गुण आहेत. घरी शिकलेली मुलं बऱ्याचदा इथेच कमी पडतात, कारण पालक मुख्य परीक्षेकडे बघत राहतात आणि असाइनमेंटची तारीख निघून जाते. त्याआधीच्या वर्गांसाठी संस्थेचा मूलभूत शिक्षणाचा कार्यक्रम आहे, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन स्तर, मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत. तिसऱ्या स्तराचं प्रमाणपत्र बाराव्या-तेराव्या वर्षी काढून ठेवा असं आम्ही सांगू, नुसतं कागदासाठी नाही तर बाहेरच्या माणसानं तपासण्याची सवय व्हावी म्हणून. पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या लोकांना माहीत आहे. त्या शाळेत गेल्या नाहीत, संस्कृत आईनं शिकवलं, तेही घर सोडून तीर्थयात्रेत फिरत असताना. पण १८७८ साली कलकत्त्याला तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि मग "पंडिता" व "सरस्वती" या पदव्या दिल्या. आईनं चांगलं शिकवलं होतंच, पण ते जगानं मानलं ते अनोळखी परीक्षकांसमोर बसल्यावर. तुम्हीही वर्षातून एकदा लेकीला ओळखीच्या नसलेल्या शिक्षिकेपुढे बसवा: एक उतारा वाचणं, दहा ओळी लिहिणं, पंधरा गणितं. आई तपासते तेव्हा नकळत थोडी मदत करतेच.

सुट्टीतला प्रयोग असा करा. मे महिन्यात बडोद्याचं ऊन दुपारी चाळिशीच्या वर असतं, म्हणून साडेसातला बसा. प्रार्थना, गीत, वचन पंधरा मिनिटं. मराठी वाचन पंधरा. गणित वीस. मग वीस मिनिटं गच्चीवर किंवा अंगणात धावणं, टीव्ही नव्हे. इंग्रजी पंधरा. शेवटी पंधरा मिनिटं "ऐक आणि सांग": तुम्ही एकदाच गोष्ट वाचायची आणि तिनं पुस्तक न बघता आपल्या शब्दांत सांगायची. हे शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षिकेचं तंत्र, शंभर वर्षांहून जुनं. तिचा दुसराही नियम पाळण्यासारखा आहे: लहान मुलाचा धडा पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांबवायचा नाही, आणि तो संपतो तेव्हा मुलाला अजून थोडं हवं असावं. सव्वानऊपर्यंत आटोपतं, रेंगाळलं तर साडेनऊ.

पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे २५ दिवस. कॅलेंडरवर खूण करा. पाहुणे, लग्न, ताप सगळं धरून २० दिवस खरंच झाले, तर तुमच्या घराला हे पेलतं असं समजा. १५ च्या खाली आले तर ते तुमचं अपयश नाही, पण त्या घरात सध्या पूर्ण शाळा बसत नाही एवढं कळलं. दुसरी खूण मुलीची: तिसऱ्या आठवड्यात गणिताला बसताना ती काय करते ते पाहा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मूल खूश असतं. तिसऱ्या आठवड्यात आई ही आई की बाई, हा झगडा सुरू होतो. "मला नाही येत" म्हणून अंगावर लोळणं, पाणी प्यायला चारदा उठणं. अशा वेळी आवाज चढवण्याआधी धडा निम्मा करा. पाच गणितं नीट झाली की थांबा. तरीही रोज रडारड होत असेल तर तो विषय नवऱ्याकडे किंवा आजीकडे, म्हणजे तुमच्या आईकडे, द्या. आजी या प्रयोगात हवीच, पण मदतनीस म्हणून. वाचून घेणं, वचनाची पेटी, पानाफुलांची वही एवढं तिच्याकडे. तिच्या वयाला रोजचं पूर्ण शिकवणं लादू नका, तिनं ते एकदा पार पाडलं आहे.

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानात लागू केला. या शहरातल्या जुन्या मराठी घरांत शाळेत जाणं हा अभिमानाचा भाग आहे, आणि सासूबाई त्यातूनच बोलतात. त्यांना तत्त्वं समजावून उपयोग नाही. सुट्टीतल्या प्रयोगात रोज शेवटची पाच मिनिटं लेकीनं सासूबाईंना वाचून दाखवायचं ठेवा. "पोर शाळेत का नाही?" असं विचारलं की सांगायला त्यांना एक वाक्यही तयार द्या: "घरी शिकते, दहावी सरकारी बोर्डाची देणार आहे." त्यांना चारचौघांत बोलायला आधार मिळाला की निम्मा विरोध मावळतो.

सोबतीचा प्रश्न मात्र खराच आहे, आणि तुमच्या वेळेपेक्षा आता अवघड. तुम्हाला भाऊ होता, लेक एकटी आहे. पाळकांच्या अंगणात चर्चच्या मंडळीतली मुलं सदैव असायची, आज फ्लॅटमध्ये तसं नाही. अमेरिकेत १९९३ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं होतं आणि तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी एकत्र सहली, प्रयोगशाळा, खेळ असे गट उभे केले. आईच्या हाती तिथली वर्कबुकं आली, ते गट आले नाहीत. संडे स्कूलचा आठवड्यातून एक तास पुरत नाही. तीच ती मुलं आठवड्यातून किमान तीनदा भेटायला हवीत, नुसती ओळख होऊन चालत नाही, भांडण होऊन मिटायला हवं. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या ठिकाणी लहान मुलांच्या वर्गाची चौकशी करा, किंवा जवळच्या पोहण्याच्या तलावावर. वाचनासाठी मध्यवर्ती ग्रंथालय आहे. अमेरिकेहून बोलावलेल्या विल्यम बोर्डन यांच्या हाताखाली १९१० पासून महाराजांनी उभारलेली ही व्यवस्था, आणि मराठी पुस्तकं तिथे आजही आहेत. दर पंधरा दिवसांनी एक सकाळ तिथे आणि एक सकाळ कमाटीबागेत, म्युझियमसकट. आणि मित्रमैत्रिणी फक्त आपल्या मंडळीतल्या नकोत. तुमच्या आठवणीत बहुधा सगळे ओळखीचेच चेहरे असतील. कॉलेजात पहिल्या वर्षी काय जड गेलं ते आठवून पाहा, उत्तर इथेच मिळेल.

शेवटी वर्कबुकं. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ती १९७० मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेल्या एसीई या ख्रिस्ती शिक्षणक्रमाच्या पद्धतीची असावीत: प्रत्येक विषयाला वर्षाला बारा पुस्तिका, मुलानं स्वतः उत्तरं तपासायची, चाचणीत ८० टक्के मिळाल्याशिवाय पुढची पुस्तिका नाही. आपल्या चालीनं शिकल्याची तुमची गोडी इथून आली, आणि हा ८० टक्क्यांचा नियम कुठल्याही पाठ्यपुस्तकाला लावता येतो. पण पुस्तिका जशाच्या तशा लेकीपुढे ठेवू नका. गणितात डॉलर, सेंट, इंच, पौंड आहेत. समाजशास्त्र अमेरिकेचं आहे. आणि बहुतेक उत्तरं रिकाम्या जागा भरा अशी आहेत, त्यामुळे मूल भराभर पुढे जातं पण सलग आठ ओळी लिहायची वेळ आली की थांबतं. भावानं आणि तुम्ही दहावीला निबंधाची वेगळी तयारी केली होती का, हे आईला विचारा. लेकीसाठी गणिताला आणि तिसरीपासून परिसर अभ्यासाला एनसीईआरटीची पुस्तकं घ्या, मराठी वाचनाला बालभारतीची, आणि आठवड्यातून दोनदा पाच-सहा ओळींचं स्वतःचं लेखन.

जुन्या पुस्तिका जपायच्या असतील तर पावसाळ्याआधी पिना काढून टाका, कारण दमट हवेत त्या गंजतात आणि कागदाला भोक पाडतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनही नको. खिडकीजवळ, थेट उन्हात नव्हे, दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा वरून फोटो घ्या, वर्ष आणि विषयाप्रमाणे फोल्डर करा आणि एक प्रत भावाकडे पाठवा. मूळ पुस्तिका जुन्या सुती साडीत बांधून कपाटाच्या वरच्या खणात, भिंतीला न टेकवता ठेवा. आईनं समासात लाल पेन्सिलीनं काही लिहिलं असेल तर ती पानं आधी घ्या. पेन्सिल पुसट होते, आणि तुमच्या प्रश्नांची बरीच उत्तरं त्या समासांतच असतील.